पुरुषांसाठी अत्तर : कोणत्या मोसमात कोणतं, कोणत्या मौक्याला किती?

जुम्याचा गुसल झाला, धुतलेले कपडे अंगावर चढले की आपला हात अत्तराच्या कुपीकडे जातो. खुशबू लावणं सुन्नत आहे, आणि कुणी खुशबू दिली तर नाकारू नये हीसुद्धा आपल्याला शिकवण आहे. पण मे महिन्याच्या उकाड्यात, पंखे कमी आणि गर्दी जास्त असलेल्या मशिदीत कुणी ऊद चोपडून आलं, तर शेजारच्या दमेकरी चाचांना नमाज पूर्ण करणं जड जातं. कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येऊ नये असं सांगितलंय, तेही दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणूनच. म्हणून अत्तर निवडताना स्वतःच्या आवडीबरोबर मोसम, जागा आणि शेजारचा माणूस या तिन्ही गोष्टी पाहाव्यात, असं आम्हाला वाटतं.

आधी थोडी ओळख

कनौजमध्ये अत्तर आजही देग-भपका पद्धतीनं काढतात. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालून खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात जाते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात मुरते. हे झालं अत्तर. चंदनाच्या आधाराशिवाय काढलेलं नुसतं फुलाचं किंवा मुळाचं तेल म्हणजे रूह. त्यामुळे रूह अत्तरापेक्षा महाग असते.

स्प्रेमध्ये सुगंधी तेल अल्कोहोलमध्ये मिसळलेलं असतं. 'ओ द तुआलेत' लिहिलेल्या बाटलीत साधारण 5 ते 15 टक्के तेल असतं, 'ओ द परफ्यूम'मध्ये 15 ते 20 टक्के. अल्कोहोलच्या मसल्यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्यांना शंकाच नको, त्यांच्यासाठी अत्तर आहेच.

उन्हाळा

उष्णतेनं सुगंध लवकर उडतो आणि जास्त पसरतो. त्यामुळे नागपूर-औरंगाबादच्या उन्हात भारी अत्तर डोकं उठवतं. या दिवसांत खस, गुलाब, मोगरा, केवडा असे थंड तासीरचे सुगंध घ्यावेत. केवडा मुळातच तेज, त्यामुळे एकच थेंब. मिट्टीचं अत्तरही याच दिवसांतलं. भाजलेली माती देगेत घालून ते काढतात आणि त्याला पहिल्या पावसाचा वास असतो.

लिंबू-संत्र्याच्या जातीची काही तेलं उघड्या कातडीवर लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडू शकतात. ती कपड्यालाच लावलेली बरी.

पावसाळा

कोकणात आणि मुंबईत चार महिने हवेत ओल असते, कपडे नीट वाळत नाहीत. कुबट वासावर अत्तर ओतलं तर दोन्ही मिळून तिसराच वास तयार होतो. आधी कपडे कोरडे करा, इस्त्री फिरवा, मग खस किंवा हलकं चंदन लावा. गोड, साखरेसारखे वास या दमट हवेत चिकट वाटतात.

हिवाळा

थंडीत सुगंध अंगाजवळच राहतो, म्हणून भारी अत्तराचे हेच दिवस. हिना, शमामा, अंबर, कस्तुरीच्या वासाची अत्तरं, ऊद. शमाम्यात बऱ्याच जडीबुटी आणि मसाले असतात. आपल्या मसाल्याच्या डब्यातलं दगडफूलसुद्धा त्यात पडतं. ऊद येतो अगरच्या झाडातून. झाडाला बुरशी लागली की लाकडात राळ धरते, त्या लाकडाचं हे तेल. आसामात त्याचा जुना व्यापार आहे. ही अत्तरं गडद रंगाची असतात, पांढऱ्या कुर्त्यावर डाग पडतो. कापसाच्या फायाला लावून तो कानाच्या पाळीत ठेवावा.

मौका पाहून

जुमा आणि जमातची नमाज : एक-दोन थेंब, मनगटावर आणि कानामागे. हात लांब केल्यावर वास आला नाही तरी चालेल.

ईद, निकाह, वलीमा : इथे थोडं खुलून लावायला हरकत नाही. नवरदेवाला हाराच्या फुलांचा वास असतोच, त्याच्याशी गुलाब किंवा मोगरा जुळतो.

ऑफिस, कॉलेज, लोकल ट्रेन : चंदन, खस किंवा हलका स्प्रे. एसीच्या बंद खोलीत निम्म्यानं कमी.

रोजा : अंगाला किंवा कपड्याला अत्तर लावल्यानं रोजा तुटत नाही. मात्र लोबान, बखूर, अगरबत्तीचा धूर मुद्दाम ओढून घेऊ नये, हनफी उलेमांच्या मते त्यानं रोजा तुटतो.

हज-उमराह : हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत एहरामच्या नियतीआधी अंगाला खुशबू लावता येते. एहरामच्या चादरींना मात्र लावू नये. नियत झाल्यावर अत्तर तर नाहीच, सुगंधी साबण आणि सुगंधी ओले रुमालही नकोत. चुकून वापरलं तर काय, हे आपल्या आलिमांना निघण्याआधीच विचारून ठेवा.

दवाखाना, बाळंतिणीची भेट : काहीच लावू नका. आजारी माणसाला आणि तान्ह्या बाळाला साधा वासही सोसत नाही.

खरेदी करताना

तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम. दुकानात साधारण 12 मिलीलीटरची कुपी एक तोळा म्हणून देतात. पहिल्यांदा घेताय तर 3 मिलीलीटर पुरे.

एका वेळी तीनपेक्षा जास्त वास घेऊ नका, नाक थकतं. मनगटावर लावा, बाजारात तासभर फिरून या आणि मग ठरवा. पहिल्या पाच मिनिटांचा वास आणि तासानंतरचा वास वेगळा असतो. कातडी नाजूक असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस थांबा.

किलोभर रूह गुलाबासाठी काही हजार किलो पाकळ्या लागतात. मग शंभर रुपयांत 'असली रूह गुलाब' किंवा 'असली ऊद' कुठून येणार? बनावट सुगंध वापरणं वाईट नाही, पण त्याला असलीचे पैसे मोजू नका. दुकानदाराला सरळ विचारा, 'आधार चंदनाचा की दुसऱ्या तेलाचा?' जो नीट उत्तर देतो, त्याच्याकडूनच घ्या.

कुपी उन्हापासून दूर, कपाटात, बूच घट्ट लावून ठेवा. ऊद आणि शमामा मुरतात, फुलांची हलकी अत्तरं मात्र वेळेत वापरावीत.

घरात दोनच कुप्या ठेवायच्या असतील, तर आमचा सल्ला साधा आहे : उन्हाळा-पावसाळ्यासाठी खस, हिवाळ्यासाठी हिना. आणि लावून झाल्यावर घरातल्या कुणाला तरी विचारा, 'जास्त तर झालं नाही ना?' आपल्या नाकाला आपला वास लवकर कळेनासा होतो, शेजारच्याला मात्र तो येतच असतो.