थकलेले भाडे आणि जपलेली पावती : मुंबईच्या भाडेकायद्याची वाटचाल

अन्न, वस्त्र आणि निवारा या मनुष्याच्या तीन मूलभूत गरजा होत. त्यांपैकी पहिल्या दोन माणूस विकत घेतो. तिसरी मात्र शहरात राहणाऱ्यास बहुधा भाड्यानेच घ्यावी लागते. कापडाचे पैसे थकले तर दुकानदार पुढची उधारी बंद करतो आणि व्यवहार तेथेच थांबतो. घराचे तसे नाही. भाडे थकले तरी बिऱ्हाड घरातच असते, चूल रोज पेटत असते आणि येणे महिन्यागणिक वाढत असते. भाडे न देणाऱ्याला बाहेर काढावे, तर एक कुटुंब रस्त्यावर येते. राहू द्यावे, तर मालकाने घर बांधण्यात गुंतविलेले भांडवल अडकते. या पेचावर मुंबई शहरात गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत निरनिराळी उत्तरे शोधली गेली. त्यांचा इतिहास घरमालक आणि भाडेकरू या दोघांनाही उद्बोधक आहे.

जप्तीचा काळ

१८५६ साली ताडदेव येथे मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढील अर्धशतकात गिरण्यांची संख्या वाढली आणि कोकण व देशावरून येणाऱ्या कामगारांसाठी गिरगाव, परळ, लालबाग, भायखळा या भागांत चाळी उभ्या राहिल्या. एका खोलीत एक बिऱ्हाड आणि कित्येकदा त्याच खोलीत चार-सहा गाववाले, अशी राहणी होती. महिना भरला की घरमालकाचा मेहता वही घेऊन चाळीत फिरे. भाडे वसूल करणे, पावती फाडणे आणि न देणाऱ्याला समज देणे हे त्याचे काम.

त्या काळी कायदा मालकाच्या बाजूने होता. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार महिनेवारी भाडेकरूस पंधरा दिवसांची नोटीस दिली की भाडेपट्टा संपुष्टात येई. त्यासाठी भाडे थकलेले असण्याचीही आवश्यकता नव्हती. त्याच वर्षीच्या इलाखा शहर लघुवाद न्यायालय कायद्यात थकलेल्या भाड्यासाठी जप्तीचे स्वतंत्र प्रकरण होते. मालकाने शपथपत्रावर अर्ज केला की न्यायालय वॉरंट काढी आणि बेलिफ भाडेकरूच्या खोलीतील चीजवस्तू जप्त करी. या कारवाईलाही काही मर्यादा घातलेल्या होत्या. जप्ती सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तापूर्वीच करावी, अंगावरचे कपडे आणि प्रत्यक्ष हाती वापरात असलेली वस्तू घेऊ नये, असे नियम होते. तरीही भांडीकुंडी आणि ट्रंक शेजाऱ्यांदेखत बाहेर निघणे ही गरिबाच्या अब्रूची राखरांगोळीच होती. मालकाचे येणे वसूल होई, परंतु ज्याच्यापाशी जप्त करण्यासारखे काहीच नसे तो रातोरात बिऱ्हाड हलवी. धाकाने होणाऱ्या वसुलीची ही मर्यादा होती.

पहिले महायुद्ध आणि पहिला निर्बंध

१९११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ९ लाख ७९ हजार होती. १९२१ साली ती पावणेबारा लाखांवर गेली. मधल्या काळात महायुद्धामुळे चुना, लोखंड, लाकूड महागले आणि नवी बांधकामे मंदावली. माणसे वाढली, खोल्या वाढल्या नाहीत. भाडे वाढवून मागणे आणि न दिल्यास नोटीस बजावणे सरसकट सुरू झाले. ज्याने आयुष्यात एक महिन्याचेही भाडे थकविले नव्हते, त्याच्यावरही वाढीव भाडे न पेलल्यामुळे थकबाकीदार ठरण्याची वेळ आली. ही ओढाताण थांबविण्यासाठी १९१८ साली मुंबई सरकारने युद्धकालीन भाडेनिर्बंधाचा कायदा केला. १९१६च्या आरंभी असलेले भाडे प्रमाण धरून त्यावरील वाढीस आळा घालण्यात आला. हा कायदा तात्पुरता होता आणि विसाच्या दशकाच्या अखेरीस तो संपला.

याच सुमारास सरकार स्वतः घरमालक झाले. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. ह्याच बी.डी.डी. चाळी. शहरात खोल्यांची टंचाई असूनही सुरुवातीच्या वर्षांत त्यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून होत्या, कारण भाडे आणि गैरसोय दोन्ही कामगाराला परवडत नव्हती. पुढे १९२८ साली गिरण्यांचा संप सुमारे सहा महिने चालला. पगार बंद झाला की वाण्याची उधारी आणि खोलीचे भाडे ही दोन येणी आधी थकतात. भाडे थकविणारा प्रत्येक जण लबाड नसतो, याचा अनुभव मुंबईने संपांच्या काळात वारंवार घेतला.

१९४७चा कायदा

दुसरे महायुद्ध सुरू होताच पुन्हा तीच परिस्थिती उद्भवली. १९३९ आणि १९४४ साली भाडेनिर्बंधाचे कायदे आले. स्वातंत्र्यानंतर त्यांची जागा मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ याने घेतली. १३ फेब्रुवारी १९४८ पासून तो अमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते, त्या दिवशी जागा भाड्याने दिलेली नसल्यास त्यापूर्वीचे शेवटचे भाडे, हे सर्वसाधारणपणे प्रमाणित भाडे ठरले. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे शहरात येत असताना या संरक्षणाची नितांत गरज होती, यात शंका नाही.

थकबाकीबाबत या कायद्याचे बारावे कलम महत्त्वाचे. भाडेकरू प्रमाणित भाडे आणि अनुज्ञेय वाढ देत असेल किंवा देण्यास तयार व राजी असेल, तोपर्यंत मालकास जागेचा ताबा मागता येणार नाही, हे त्याचे मूळ सूत्र. भाडे थकले तर प्रथम लेखी मागणीची नोटीस द्यावी आणि एक महिना थांबावे. भाडे महिनेवारी असून रकमेबद्दल वाद नसेल, सहा महिने वा अधिक भाडे थकले असेल आणि नोटिशीनंतर महिन्याभरातही ते भरले गेले नसेल, तरच ताब्याचा हुकूमनामा व्हावा. अन्य प्रकरणी दाव्याच्या सुनावणीच्या पहिल्या दिवशी भाडेकरूने सर्व बाकी भरली, दावा संपेपर्यंत भाडे नियमित भरत राहिला आणि खर्चही दिला, तर त्याचे घर वाचावे, अशी तरतूद होती.

यामागील दृष्टी उदार होती. आजारपण, बेकारी वा संप यांमुळे अडचणीत आलेल्यास सावरण्याची संधी मिळावी, हा हेतू. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, तेव्हा अशा सवलतीचे मोल किती असेल याची कल्पना करता येते. सवलत असली तरी तिच्या अटी मात्र कडक होत्या. १९७८च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पहिल्या दिवशी बाकी भरणे आणि पुढे नियमित भरत राहणे या अटी तंतोतंत पाळल्या पाहिजेत. त्या न पाळणाऱ्यास दयेपोटी सूट देण्याचा अधिकार न्यायालयास नाही.

थकबाकीची आशा

कायद्याची ही बाजू न्याय्य असताना दुसऱ्या बाजूने एक विपरीत गोष्ट घडली. भाडे १९४० साली गोठले. इतर सर्व भाव वाढत राहिले. महिना दहा रुपये भाड्याच्या खोलीची सहा महिन्यांची थकबाकी साठ रुपये. १९४० साली ही रक्कम मालकाच्या दृष्टीने मोठी होती. १९८० साली तेवढ्या वसुलीसाठी वकील गाठणे म्हणजे आठ आण्यांच्या नारळासाठी रुपयाचा टांगा करणे. येणे वसूल व्हावे अशी इच्छा मालकाला उरली नाही. भाडेकरूने भाडे थकवावे आणि त्या निमित्ताने जागा परत मिळावी, अशी इच्छा त्याच्या मनात निर्माण झाली. जी थकबाकी पूर्वी मालकाची चिंता होती, तीच आता त्याची आशा बनली. घरमालक-भाडेकरू संबंधांच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी उलथापालथ होय.

तिचे परिणाम चाळीचाळीतून दिसू लागले. काही मालक भाडे घेण्यास टाळाटाळ करू लागले, मेहता महिनोन्‌महिने फिरकेनासा झाला. भाडे स्वीकारून पावती न देणे हा कायद्याने गुन्हा होता. तरी पावतीसाठी हेलपाटे घालावे लागत. सावध भाडेकरू दरमहा मनीऑर्डर पाठवी. ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आली की तो कागदही पावतीइतकाच जपून ठेवी. आपण भाडे देण्यास तयार होतो, याचा तो पुरावा असे. भाडेपावत्यांचे बाड कपाटात दागिन्यांशेजारी ठेवणारी कुटुंबे मुंबईत थोडी नव्हती. अनेकदा पावती आजोबांच्या नावावरच राहिली आणि नातवाने स्वतःचा हक्क सिद्ध करण्यासाठी ती न्यायालयात दाखविली.

याच वेळी पागडीची प्रथा फोफावली. कायद्याने पागडी घेणे दंडनीय होते, परंतु जेथे भाडे नाममात्र आणि जागेची किंमत अफाट, तेथे मधली तफावत कोणत्या ना कोणत्या मार्गाने हात बदलणारच. धोबी तलावाजवळच्या लघुवाद न्यायालयात दावे वर्षानुवर्षे चालत राहिले. कधी मालकाने लावलेले दावे त्याची मुले चालवीत आणि भाडेकरूचे वारस उत्तरे देत. कित्येक दाव्यांच्या मुळाशी असलेली थकबाकी एका वेळच्या वकील-फीपेक्षाही कमी असे.

ज्याचे नुकसान कोणीच मोजले नाही

या भांडणात तिसरा पक्ष होता तो इमारतीचा. त्याच्या वतीने कोणीच बोलत नव्हते. गोठलेल्या भाड्यात गच्चीची गळती थांबविणे मालकास परवडेना आणि भाडेकरू म्हणे, दुरुस्ती मालकाने करावी. घरे कोसळू लागली, तेव्हा १९६९ साली शासनाने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करून उपकर बसविला. त्या वेळी शहरात अशा १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या इमारतींचा त्यांत ‘अ’ वर्ग करण्यात आला. ज्या दिवशी भाडे गोठले, तोच दिवस इमारतींच्या वयाची सीमारेषा ठरावा, हे अर्थपूर्ण आहे. दुरुस्ती मंडळ असूनही दुर्घटना थांबल्या नाहीत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक जीव गेले.

१९९७च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने १९४७च्या कायद्यातील भाडे गोठविण्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या असल्याचे मत नोंदविले. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपणार असल्याने त्या रद्द केल्या नाहीत, परंतु त्याच स्वरूपात मुदतवाढ देता येणार नाही, असा इशारा दिला. ‘तात्पुरता’ म्हणून आलेला निर्बंध अर्धशतक टिकल्यावर त्यावर हे भाष्य झाले.

नवा कायदा, जुना प्रश्न

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. थकबाकीसंबंधी त्याचे पंधरावे कलम आहे. मागणीच्या नोटिशीनंतर नव्वद दिवस गेल्याखेरीज दावा लावता येत नाही. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने सर्व बाकी वार्षिक १५ टक्के सरळव्याजासह भरली, पुढे नियमित भरत राहिला आणि खर्च दिला, तर जागा वाचते. म्हणजे संधी पूर्वीपेक्षा मोठी, पण ती फुकट नाही. विलंबाची किंमत ठळकपणे मोजली गेली. याच कायद्याने पागडीस मान्यता दिली आणि भाड्यात दरसाल ४ टक्के वाढीची मुभा ठेवली. तथापि १०० रुपयांचे भाडे ४ टक्के चक्रवाढीने मोजले, तरी पंचवीस वर्षांनी ते सुमारे २६७ रुपये होते. जुन्या चाळीच्या भाड्याचे गणित त्यामुळे फारसे बदलले नाही.

नव्या घरांची वाट मात्र निराळी झाली. भाडेकायद्यातून सुटण्यासाठी मालक पूर्वीपासून जागा ‘लीव्ह अँड लायसन्स’ने देत असत. परंतु १९७३च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूंचा दर्जा मिळाला आणि धास्तावलेल्या कित्येक मालकांनी सदनिकांना कुलपे लावणे पसंत केले. १९९९च्या कायद्यानुसार मुदत संपलेल्या परवानाधारकाकडून सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ताबा घेता येतो आणि जागा न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. कुलपे उघडली, पण अल्प मुदतीमुळे स्थैर्य उणावले. पूर्वीच्या भाडेकरूला तीन पिढ्यांची हमी होती; आजच्या परवानाधारकास पुढच्या वर्षी मुलांची शाळा बदलावी लागेल की काय, याची खात्री नसते.

या सर्व इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. अडचणीत सापडलेल्या भाडेकरूस मुदत देणे योग्यच होते. ती तरतूद १९४७ साली योग्य होती आणि आजही योग्य आहे. बिघाड झाला तो भाड्याचा खर्चाशी असलेला संबंध तोडल्यामुळे. भाडे वेळेवर देणाऱ्याने आणि ते आनंदाने घेणाऱ्याने मिळून घर टिकते. जेथे घेणाऱ्यास भाड्यात रस उरत नाही, तेथे प्रामाणिक भाडेकरूही नकोसा होतो आणि अखेर छप्पर दोघांचेही जाते. पावती ही केवळ पैसे पोचल्याची खूण नव्हे. देणारा राहू इच्छितो आणि घेणारा त्याला राहू देऊ इच्छितो, असा परस्परांस दिलेला तो दरमहाचा शब्द आहे. खातेवहीत हा शब्द दोन्ही बाजूंनी पाळला गेला, तरच थकबाकीचे पान कोरे राहील.