रेषेचे उद्धरण : वीरनायकांचे व्यंगपट आणि आपला स्मृतिसंचय

१

पुणे–सोलापूर मार्गावर, दौंड तालुक्यात, कुरकुंभ हे गाव आहे. आज त्याचे नाव बहुधा तेथील औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात घेतले जाते. तथापि फिरंगाई देवीचे स्थान म्हणून असलेली त्याची ओळख त्याहून पुष्कळ जुनी आहे. या देवनामाची व्युत्पत्ती ठरविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. परंतु बखरींशी परिचय असलेल्या वाचकाच्या कानी हे नाव पडताच त्याला 'फिरंग' म्हणजे युरोपीय पात्याची सरळ तलवार आठवल्यावाचून राहात नाही. ज्याचा तो परिचय नाही, त्याला केवळ एक देवनाम ऐकू येते. उच्चार एकच, पण ऐकणाराच्या संचिताप्रमाणे त्यातील थर उघडतात किंवा मिटलेले राहतात. भाषेच्या अभ्यासकास हा अनुभव नित्याचा आहे. चित्राच्या भाषेतही तेच घडते काय, आणि घडत असल्यास त्यासाठी कोणती पूर्वतयारी लागते, हा येथील प्रश्न आहे.

२

याचे एक स्वच्छ उदाहरण अमेरिकन दूरचित्रवाणीवर सापडते. 'द न्यू बॅटमॅन ॲडव्हेंचर्स' या मालिकेत १० ऑक्टोबर १९९८ रोजी 'लेजंड्स ऑफ द डार्क नाइट' हा भाग प्रक्षेपित झाला. काही मुले बॅटमॅन नेमका कसा आहे, यावर वाद घालीत आहेत. एकाच्या कथनात तो हसतमुख व विनोदप्रिय असून प्रचंड आकाराच्या वाद्यांमध्ये जोकरशी झुंजतो; दुसऱ्या कथनातील बॅटमॅन वृद्ध, धिप्पाड आणि कठोर आहे. पहिल्या कथनातील रेखाटन डिक स्प्रँग यांच्या १९५०च्या सुमाराच्या चित्रकथांचे, तर दुसऱ्यातील फ्रँक मिलर यांच्या १९८६ मधील 'द डार्क नाइट रिटर्न्स'चे अनुसरण करते.

येथवर हे उद्धरण छापील चित्रकथेचे झाले. पण पहिल्या कथनातील बॅटमॅनला आवाज दिला आहे गॅरी ओवेन्स यांनी. हाना–बार्बेरा संस्थेच्या १९६६ मधील 'स्पेस घोस्ट' या मालिकेतील नायकाचा आवाज त्यांचाच होता. याचा अर्थ, रेषा स्प्रँगची आणि कंठ जुन्या शनिवार-सकाळच्या व्यंगपटाचा. ज्या प्रौढ प्रेक्षकाने बालपणी तो आवाज ऐकला होता त्याला हा नमस्कार पोहोचतो. आजच्या बालकाला केवळ एक गमतीदार नायक भेटतो, आणि त्याचेही काही बिघडत नाही. उत्तम उद्धरणाचे हे लक्षण मानावयास हरकत नाही : ओळखणाऱ्यास अधिक मिळावे, न ओळखणाऱ्यास उणे भासू नये.

पुढे 'बॅटमॅन : द ब्रेव्ह अँड द बोल्ड' (२००८–२०११) या मालिकेच्या एका भागात बॅटमॅन आणि स्कूबी-डू यांची भेट १९७२च्या धर्तीवर पुन्हा घडविण्यात आली. त्यावेळच्या चित्रीकरणातील काटकसरही तेथे हेतुतः उचललेली आहे. ही काटकसर म्हणजे काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे. चित्रपटात दर सेकंदाला चोवीस चौकटी लागतात; एक चित्र दोन चौकटींस पुरविले तरी बारा चित्रे हवीत. चित्रपटगृहासाठी 'टॉम अँड जेरी' काढताना हाना आणि बार्बेरा यांना हा खर्च परवडत असे. १९५७ नंतर दूरचित्रवाणीसाठी काम करताना तो परवडेना. मग धड स्थिर ठेवून केवळ डोके हलवावयाचे, पार्श्वभूमी पुनःपुन्हा वापरावयाची, अशी रीत पडली. योगी अस्वलाच्या गळ्यातील कॉलर ही डोके आणि धड यांचा सांधा झाकण्याची सोय होती. गरजेतून आलेली युक्ती प्रथम सवय झाली, मग शैली आणि अखेर त्या कालखंडाची खूण. भाषेतील आर्ष प्रयोगांचा इतिहास याहून वेगळा नसतो.

३

मराठी वाचकास हा व्यवहार अपरिचित नाही. केशवकुमारांची 'झेंडूची फुले' ज्याला पुरती भोगावयाची आहे, त्याला रविकिरण मंडळाची कविता ठाऊक असावी लागते. विडंबन आणि वंदन यांची दिशा भिन्न असली तरी भांडवल एकच : मूळ कृतीचे सर्वांना असलेले स्मरण. तेव्हा आपल्या सचेत चित्रांच्या परंपरेपाशी हे भांडवल किती आहे, ते पाहणे प्राप्त आहे.

परंपरा लहान नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये रोपाची वाढ एकेक चौकट घेऊन चित्रित केली आणि १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. कोल्हापुरास १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. पुढल्याच वर्षी तेथे रघुनाथ केळकर यांचा 'जंबूकाका' हा व्यंगपट झाला. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा व्यंगपट विभाग १९५६ मध्ये डिस्ने संस्थेतील क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाला आणि जातककथेवरील 'द बॅनियन डिअर' हा त्याचा आरंभीचा चित्रपट ठरला. १९७४ मध्ये विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' आला. चित्रे भीमसेन यांची, संगीत प्रभातमध्ये घडलेल्या वसंत देसाई यांचे. जाळ्यासह उडणाऱ्या पक्ष्यांची त्यातील कथा हितोपदेशातून चालत आलेली आहे. म्हणजे तो चित्रपट स्वतःच एक उद्धरण होय.

या कृतींपैकी सर्वसाधारण प्रेक्षकाच्या स्मरणात आज कोणती आहे? 'एक अनेक और एकता' निःसंशय आहे. कारण दूरदर्शनने तो वर्षानुवर्षे दाखविला. 'आगकाड्यांची मौज' मात्र नष्ट झाला आहे. त्याचे नाव इतिहासात आहे, पण नावाचे रेखाटनात उद्धरण करता येत नाही. आगकाड्या कोणत्या गतीने हलत होत्या हेच डोळ्यांपुढे नसेल, तर उद्याच्या चित्रकाराने अनुसरावे काय?

४

ही हानी केवळ दूरच्या काळातील नव्हे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, ही मोठीच जमेची बाजू. तथापि ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे प्रभातच्याच जुन्या वास्तूत, नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागून प्रभातच्या कृतींसह अनेक जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती जळाल्या. नायट्रेटची फीत एकदा पेटली की विझविणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून तिची वेळीच दुसऱ्या फितीवर नक्कल करणे हाच खरा उपाय होय. २०२२ च्या आदेशाने फिल्म्स डिव्हिजन आणि संग्रहालय यांचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. व्यवस्था कोणतीही असो, लघुपट आणि व्यंगपट यांना पूर्ण लांबीच्या चित्रपटांइतकाच मान तेथे मिळावा, अशी अपेक्षा बाळगणे गैर नाही.

बॅटमॅनच्या ज्या भागाचा वर उल्लेख केला तो केवळ कल्पकतेवर उभा नाही. १९६६ची मालिका पुन्हा पाहता येत होती, तिचा आवाज ओळखणारे हयात होते, म्हणूनच १९९८ मध्ये तिला नमस्कार करता आला. जतन, पुनःप्रक्षेपण, ओळख आणि मग उद्धरण असा हा क्रम आहे. त्यातील पहिली पायरी ढळली तर पुढील तिन्ही आपोआप ढळतात. अमेरिकन मालिकांच्या खुणा आमच्या विद्यार्थ्यास बिनचूक ओळखता येतात आणि 'जंबूकाका' हे नाव ऐकून तो गोंधळतो, यात दोष विद्यार्थ्याचा नाही. आपण त्याच्या कानी शब्द ठेवला, पण त्यातील थर उघडणारे काही त्याच्या हाती दिले नाही.

तेव्हा भाषा आणि इतिहास या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी या लघुपटांतील आवाज, संवाद आणि श्रेयनामावली यांची सूची हाती घ्यावी, अशी सूचना करून हे टिपण संपवितो. या चित्रपटांवर काम केलेली आणि ते लहानपणी पाहिलेली माणसे जोवर आपल्यांत आहेत, तोवरच ते काम होण्यासारखे आहे.