अब्दुल हमीद : मानपत्रातले आणि सोबत्यांच्या आठवणीतले

ऑक्टोबर २०२० मध्ये शंभराहून अधिक माजी सैनिकांनी राष्ट्रपतींना एक पत्र लिहिले. निवृत्तीनंतर अलिबागजवळ राहायला आलेले माजी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल रामदास हे त्यातले एक. पत्राचे कारण होते समाजमाध्यमांवर फिरणारी एक अफवा. १९६५ च्या युद्धात भारतीय सैन्यातल्या ‘मुस्लिम रेजिमेंट’ने पाकिस्तानशी लढायला नकार दिला आणि म्हणून ती बरखास्त झाली, असे त्या संदेशांत सांगितले जात होते. वस्तुस्थिती एवढीच की १९६५ साली अशी कोणतीही रेजिमेंट नव्हतीच. मुसलमान जवान तेव्हाही ग्रेनेडियर्स, राजपुताना रायफल्स अशा मिश्र रेजिमेंटांतून इतरांच्या खांद्याला खांदा लावून लढले आणि आजही तसेच आहेत. जी रेजिमेंट अस्तित्वातच नव्हती तिने पळ काढला, असे सांगणाऱ्यांना उत्तर तरी काय द्यायचे? माजी सैनिकांनी नावे दिली. त्यातले पहिले नाव कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांचे.

हे नाव आपल्याला पाठ आहे. माझ्या पिढीतल्या अनेकांना तर अब्दुल हमीद म्हटले की चेतन आनंद यांच्या ‘परमवीर चक्र’ मालिकेतला नसीरुद्दीन शाह आठवतो. पण या नावाचे एक दुखणेही आहे. मुसलमानांच्या निष्ठेवर कुणी बोट ठेवले की आपण घाईघाईने हे नाव खिशातून ओळखपत्र काढावे तसे पुढे करतो. समोरचाही ‘असे हमीद किती?’ म्हणून मोकळा होतो. या देवाणघेवाणीत खुद्द हमीद हरवतात. त्यांच्या पलटणीतल्या लोकांनी त्यांना कशासाठी लक्षात ठेवले, हे पाहिले तर चित्र बरेच वेगळे दिसते.

१ जुलै १९३३ रोजी गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर गावी त्यांचा जन्म झाला. वडील शिंपीकाम करायचे. डिसेंबर १९५४ मध्ये हमीद ग्रेनेडियर्समध्ये भरती झाले आणि ४ ग्रेनेडियर्स या पलटणीत आले. (या रेजिमेंटचा इतिहास १७७९ सालच्या आपल्या तळेगावच्या लढाईपासून सांगतात. मराठ्यांविरुद्ध इंग्रजांच्या मुंबई फौजेतून लढलेल्या तुकड्यांपासून ती उभी राहिली. इतिहास असाच वाकडातिकडा असतो.) १९६२ साली नामका चूच्या खोऱ्यात चिनी हल्ला झेललेल्या ब्रिगेडमध्ये ही पलटण होती.

१९६५ मध्ये हमीद यांच्याकडे खरे तर कोठाराचे काम होते. क्वार्टरमास्टर हवालदाराने कंपनीचे रेशन, कपडे, सामान बघायचे. पण सोबत्यांच्या सांगण्यात एक गोष्ट हमखास येते : जीपवर चढवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ चालवण्यात पलटणीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बढतीमुळे ते कोठारात गेले होते. लढाई तोंडावर आली तेव्हा त्यांना पुन्हा तोफेवर बोलावले गेले.

ही तोफ काय चीज आहे हे कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. ती रणगाडा फोडू शकते, पण डागली की तिच्या मागच्या बाजूने आगीचा लोळ निघतो आणि धुळीचा ढग उठतो. म्हणजे पहिल्याच गोळ्याला तुमचा ठावठिकाणा शत्रूला कळला. जीपला पत्र्यापलीकडे चिलखत नाही. म्हणून नेम धरायचा, डागायचे आणि समोरचा रणगाडा तोंड वळवेपर्यंत जागा बदलायची. तोफची, गोळा भरणारा आणि ड्रायव्हर यांचे हात एका लयीत चालले तरच हे जमते. नुसत्या बेडरपणाने दुसरा गोळा डागायची संधी मिळत नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे पॅटन रणगाडे खेमकरणहून पुढे सरकले. असल उत्तर आणि चीमा या गावांभोवती भारतीय सैन्याने नालेच्या आकारात मोर्चे बांधले होते. शेतांत पाणी सोडलेले, ऊस पुरुषभर उंच. या सापळ्यात पॅटन रुतले. लढाईअखेर पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. भिखीविंडजवळ ते रांगेने उभे केले, त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले.

हमीद यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात यातली फक्त एक सकाळ आहे : १० सप्टेंबर, आठ वाजता हल्ला सुरू, नऊपर्यंत शत्रू पुढच्या कंपन्यांत घुसला. हमीद जीप घेऊन बगलेला गेले, आघाडीचा रणगाडा उडवला, जागा बदलून दुसरा पेटवला आणि तिसऱ्यावर मारा करत असताना तोफगोळ्याने प्राणांतिक जखमी झाले. कागदावर दोन रणगाडे, आणि तिसऱ्याशी झुंज.

सोबत्यांचा हिशोब वेगळा आहे. त्यांच्या आठवणीत ही कथा ८ सप्टेंबरपासून सुरू होते. त्या दिवशी उसातून पुढे येणाऱ्या रणगाड्यांना हमीद यांनी अगदी जवळ येऊ दिले आणि मग डागले. ९ तारखेला पुन्हा तेच. शौर्याची शिफारस ९ तारखेच्या संध्याकाळीच वर गेली होती, असेही रेजिमेंटमध्ये सांगितले जाते. एकूण आकडा कुणी सात सांगतो, कुणी आठ. शेवटच्या क्षणाबद्दलची आठवण अशी : रणगाड्याने आणि हमीद यांनी एकमेकांना एकाच वेळी पाहिले. जागा बदलायला वेळ उरला नव्हता. दोघांनीही डागले.

मानपत्र आणि आठवण यांचा आकडा जुळत नाही म्हणून काही जण आठवणीवर शंका घेतात. मला तसे वाटत नाही. मानपत्र एका प्रसंगाचे असते, तर खंदकात शेजारी असलेला माणूस तीन दिवस पाहत असतो. शिवाय त्या सोबत्यांचे मिश्र पलटणीतले बोलणे कान देऊन ऐकण्यासारखे आहे. ते हमीद यांच्या धर्माबद्दल बोलत नाहीत. ते त्यांच्या नेमाबद्दल, जीप कुठून कुठे हलवली याबद्दल बोलतात.

१९६५ च्या युद्धासाठी परमवीर चक्रे दोनच दिली गेली. एक हमीद यांना, दुसरे मुंबईत जन्मलेल्या पारशी लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना. एवढे माहीत असूनही ‘मुस्लिम रेजिमेंट’ची थाप पुढे पाठवली जाते. तेव्हा विशीत असलेले जवान आज ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या मोहल्ल्यात, तालुक्यात १९६५ किंवा ७१ ला लढलेले कुणी चाचा असतील तर त्यांच्याजवळ बसावे, पलटणीचे नाव, गावाचे नाव, सोबत्यांची नावे लिहून घ्यावीत. तीस वर्षांनी कुणी नवी थाप आणली तर हेच कामी येईल.

रसूलनबीबींनी २६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून पतीचे पदक घेतले. १० सप्टेंबर २०१७ रोजी लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत धामूपूरला हमीद यांच्या स्मृतिदिनाला आले, तेव्हा त्या हजर होत्या. २०१९ साली त्या गेल्या. हमीद यांची कबर मात्र धामूपूरला नाही. ती असल उत्तरच्या शेतांत आहे, जिथे त्यांची जीप होती त्याच मुलखात.