तक्रार आणि हातभार

नरखेड तालुक्यात 1991 म्हटलं की मोवाडचा पूर आठवतो. 30 जुलैला वर्धा नदी गावात शिरली, दोनशेहून जास्त माणसं गेली. मदतीला धावलेल्या कित्येकांना कुणी पगार दिला नव्हता.

त्याच वर्षी 25 ऑगस्टला फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने कळवलं की मी हौसेखातर एक संगणकप्रणाली लिहितोय. काय हवं ते सुचवा, पण करीनच असं वचन नाही. तीच लिनक्स. 1992 मध्ये ती मुक्त परवान्याखाली आली. कुणीही वापरावी, कुणीही दुरुस्त करावी.

ते ‘वचन नाही’ मला उशिरा कळलं. लिनक्सवर उर्दू अक्षरं तुटक दिसायची, तेव्हा मी वर्षभर नुसता चिडलो, जणू पैसे मोजले होते! शेवटी कोणत्या शब्दात कोणतं अक्षर तुटतं याची यादी करून पाठवली. दुरुस्ती करणाऱ्याला उर्दू येत नव्हती. त्याला नेमकी तीच हवी होती.

मशिदीच्या वजूखान्यातला नळ गळतो म्हणून कुरकुरणारे आपण सारेच, वायसर आणणारा एखादाच. तक्रार करू नये असं नाही. कोणता नळ, कधीपासून, एवढं नीट सांगितलं तरी अर्धं काम होतं. आपल्या भाषेचं तुटलेलं अक्षर आपणच दाखवलं नाही, तर दुसरं कोण दाखवणार?