बाटलीवरची चिठ्ठी

शहापूरला विज्ञान शिक्षकांचे दोन दिवसांचे शिबिर होते. दुपारच्या चहाला मुरबाड तालुक्यातील एक गुरुजी आमच्याजवळ आले आणि त्यांनी मोबाइलवर काही छायाचित्रे दाखवली. एक गुलाबी, लिबलिबीत, नाक लोंबल्यासारखा दिसणारा मासा. एक काळाकुट्ट मासा, त्याचे सुळे तोंडात मावत नव्हते. आणखी चार-पाच असेच. खाली मजकूर होता की त्सुनामीने समुद्राच्या तळातून बाहेर फेकलेले हे रहस्यमय प्राणी आहेत. गुरुजींनी ही चित्रे सातवीच्या वर्गाला दाखवली होती. वर्ग अर्थातच खूश झाला. पण एका मुलीने विचारले, "गुरुजी, ह्याचं नाव काय? आणि हा सापडला कुठे?"

"सोमवारी सांगतो असं कबूल केलंय, सर," गुरुजी म्हणाले. "तेवढी नावं द्या."

आम्हाला ती देता आली नाहीत. दोन माशांचे गट आम्ही सांगितले, बाकीच्यांबद्दल "चित्रावरून सांगता येणार नाही" असे म्हणालो. इतकी वर्षे समुद्री प्राण्यांवर काम करणाऱ्या माणसाने असे म्हणावे, याचे गुरुजींना नवल वाटलेले दिसले. ते बोलले काहीच नाहीत, पण थोडे हिरमुसले. म्हणून हा लेख. खोल समुद्रातला विचित्र प्राणी ओळखायचा म्हणजे नेमके काय करायचे, आणि ही रीत कशी घडली, हे त्या दिवशी चहाच्या वेळेत सांगून झाले नव्हते.

आधी त्या छायाचित्रांबद्दल. ती खरी आहेत, खोटा आहे तो मजकूर. २००३ च्या मे-जून महिन्यांत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी 'टांगारोआ' या जहाजावरून टास्मान समुद्रातील पाण्याखालच्या पर्वतरांगांची पाहणी केली. छायाचित्रे त्या मोहिमेतली. हिंदी महासागरातली त्सुनामी आली २६ डिसेंबर २००४ रोजी. पुढच्या काही आठवड्यांत कोणीतरी दोन्हींची सांगड घातली आणि चित्रे ई-मेलने जगभर फिरली. तो गुलाबी मासा, ज्याला ब्लॉबफिश म्हणतात, सिडनीच्या संग्रहालयात आजही ठेवलेला आहे. तो कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, किती खोलीवर मिळाला याची नोंद त्याच्याबरोबर आहे. गावोगाव फिरलेल्या चित्रातून नेमकी तीच नोंद गळून पडली.

शिवाय तो मासा आपल्या घरी तसा दिसतच नाही. समुद्रात दर १० मीटर खोलीला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. हजार मीटरवर तो शंभर पटींच्या वर जातो. तिथल्या अनेक माशांचे अंग मऊ, पाणीदार असते, हाडे नाजूक असतात. भोवतीच्या पाण्याचा आधार असतो तोवर ते अंग नीट आकारात राहते. जाळ्यात घासटत वर आले आणि फळीवर ठेवले की ते ओघळते. ज्या माशांच्या पोटात वायूची पिशवी असते त्यांच्यात वर येताना वायू फुगतो, जठर तोंडातून बाहेर येते, डोळे बटबटीत होतात. म्हणजे आपण ज्याला विचित्र म्हणतो त्यातला बराचसा भाग प्रवासात झालेल्या मोडतोडीचा असतो. ओळखणाऱ्याला आधी ही मोडतोड मनातून वजा करावी लागते.

आता थोडे मागे जाऊ. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी खोल समुद्रात प्राणी आहेत हेच अनेक विद्वानांना मान्य नव्हते. एडवर्ड फोर्ब्झ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८४१-४२ मध्ये ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात तळ खरवडून पाहिला. जसजसे खोल जावे तसतसे प्राणी कमी मिळत गेले. त्यावरून त्याने अंदाज बांधला की ३०० वावांच्या खाली जीवन नसावे. (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर, सुमारे १.८ मीटर. आपले कोळी बांधव हे माप अजून वापरतात.) निरीक्षण बरोबर होते, पण एका समुद्राचा हिशेब त्याने साऱ्या समुद्रांना लावला. १८६० मध्ये भूमध्य समुद्राच्या तळातून तारायंत्राची एक तुटलेली केबल दुरुस्तीसाठी वर काढली, तेव्हा हजार वावांहून खोल असलेल्या भागावर प्रवाळासारखे प्राणी चिकटून वाढलेले दिसले. केबल तिथे किती वर्षे पडून होती हे माहीत होते, म्हणून प्राणी तिथेच वाढले याबद्दल शंका घ्यायला जागा राहिली नाही. पुढे १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगप्रदक्षिणा केली आणि सुमारे ४,७०० नव्या जाती विज्ञानाच्या हाती आल्या. पण चॅलेंजर हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडून निघून गेले. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर हे आपल्या दारातले समुद्र तसेच राहिले.

ते काम ज्या जहाजाने केले ते मुंबईच्या गोदीत बांधलेले होते. त्याचे नाव 'इन्व्हेस्टिगेटर'. १८८१ मध्ये पाण्यात उतरलेली ही दोन्ही बाजूंना चाके असलेली लाकडी आगबोट सागरी सर्वेक्षण खात्याची होती. तिचे मुख्य काम नकाशे बनवण्याचे, म्हणजे किनाऱ्याची मोजणी करणे आणि खोली घेणे. पण जहाजावर जो डॉक्टर असे त्याच्याकडे निसर्गाच्या अभ्यासाचेही काम दिलेले असे. रोग्यांची तपासणी झाली आणि जहाजाच्या कप्तानाला सवड मिळाली की जाळे टाकायचे. १८८८ ते १८९२ या काळात या जागेवर आल्फ्रेड आल्कॉक हा तरुण डॉक्टर होता. त्या दिवसांची हकीकत त्याने पुढे १९०२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

तळ खरवडणारे जाळे पोलादी दोरावरून खाली सोडायचे, काही वेळ ओढायचे आणि वाफेच्या रहाटाने वर घ्यायचे. एका खेपेला काही तास लागत. बऱ्याचदा नुसता चिखल येई. दोर तुटला तर जाळेही जाई. जे हाती येई ते धुऊन, निवडून स्पिरिटच्या बाटलीत जाई आणि बाटलीबरोबर चिठ्ठी जाई: ठिकाणाचा क्रमांक, तारीख, अक्षांश, रेखांश, खोली. तळ चिखलाचा की वाळूचा हेही टिपायचे. स्पिरिटमध्ये रंग उडतात, म्हणून ताज्या माशाचा रंग लगेच लिहून ठेवायचा.

उदाहरण घेऊ. केरळच्या किनाऱ्यासमोर अरबी समुद्रात सुमारे ४३० वावांवरून, म्हणजे पावणेआठशेहून अधिक मीटर खोलीवरून, या जहाजाला एक पाकट मिळाला. शहापूरकरांना ही खोली समजायला सोपी आहे. माहुली किल्ला समुद्रात उभा केला तर त्याचे सुळकेच काय ते पाण्याबाहेर राहतील, एवढी ती आहे. हा पाकट विजेचा झटका देणाऱ्या कुळातला होता, पण त्याचे डोळे जवळजवळ नाहीसे झालेले होते. आल्कॉकने १८९८ मध्ये त्याला नवी जात आणि नवी प्रजाती म्हणून नोंदवले: बेंथोबेटिस मोर्सबाय. नवी म्हणायची ती कशावरून? विजेचे अवयव होते, म्हणून कूळ ठरले. त्या कुळातल्या तोवरच्या माहीत असलेल्या माशांशी डोळे, पर, दात असे एकेक ताडून पाहिले आणि ते कोणाशीच जुळले नाहीत, म्हणून तो वेगळा ठरला. ओळख पटवणे हे असे ताडून पाहण्याचे काम आहे. 'रहस्यमय' हा शब्द त्यात कुठेच लागत नाही.

ताडून पाहायचे तर ताडायला साठा हवा. तो कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये होता. इन्व्हेस्टिगेटरच्या बाटल्या तिथे जात. १८९२ पासून या प्राण्यांची चित्रे भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली, आणि ती काढणाऱ्यांत ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल हे बंगाली चित्रकार होते. खवल्यांची ओळ, दाताचा बाक, परातले काटे त्यांनी इतके चोख उतरवले की दूरदेशीचा अभ्यासक कलकत्त्याला न येता आपला मासा त्या चित्राशी ताडू शके. १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली आणि हा साठा तिच्याकडे आला.

या साठ्यात आपल्या ओळखीचा एक पाहुणा आहे. मुरबाडच्या बाजारात सुके बोंबील कोणी पाहिले नाहीत? हा बोंबील किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातला. ओल्या बोंबलाचे अंग मऊ, जवळजवळ नऊ दशांश पाणीच. तोंड मोठे, दात आत वळलेले, म्हणजे तोंडात आलेले भक्ष्य परत सुटायला नको. १८९१ मध्ये आल्कॉकने बंगालच्या उपसागरातल्या खोल पाण्यातून आलेल्या एका माशाचे वर्णन केले. दात तसेच, तोंड तसेच, पण अंगावर खवले जास्त. त्याने तो बोंबलाच्या प्रजातीत बसवला आणि नाव दिले 'स्क्वामोसस', म्हणजे खवलेदार. वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलाचा एक सख्खा भाऊ असा अंधाऱ्या पाण्यात राहतो. बोंबील आधी नीट पाहिलेला होता म्हणून हा भाऊ ओळखता आला.

ओळख चुकतेही. आइसलँडच्या एका शास्त्रज्ञाला १९२२ मध्ये गळ लावून शिकार करणाऱ्या एका खोल पाण्यातल्या माशाच्या मादीला दोन छोटे मासे चिकटलेले दिसले. त्याला ती पिल्ले वाटली. १९२५ मध्ये लंडनच्या टेट रेगनने असाच एक छोटा मासा कापून पाहिला. ते पिल्लू नव्हते, तो नर होता, मादीच्या अंगाशी कायमचा जडलेला. त्याहून मोठी गफलत २००९ मध्ये उलगडली. माशांची तीन वेगवेगळी कुळे म्हणून जी पुस्तकांत होती, ती एकाच कुळातली पिल्ले, नर आणि माद्या निघाली. दिसायला इतकी वेगळी की कोणालाही फसवावे. या चुका सुधारता आल्या, कारण जुने नमुने चिठ्ठ्यांसह जपून ठेवले होते. शंका आली तेव्हा बाटली उघडून पुन्हा पाहता आले.

चिठ्ठी नसेल तर काय होते हे आम्ही स्वतः भोगले आहे. संशोधक विद्यार्थी असताना समुद्रावरून आणलेल्या काही बाटल्यांवर आम्ही बाहेरून बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. सांडलेल्या स्पिरिटने शाई पुसली गेली आणि अकरा नमुने निनावी झाले. प्राणी धडधाकट होते, पण कोठले, किती खोलीवरचे हे सांगता येईना. प्रबंधातून ते सगळे वगळावे लागले. तेव्हापासून चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची आणि बाटलीच्या आत टाकायची, हा नियम आम्ही मोडलेला नाही.

हे सारे जुने झाले असे मात्र नाही. गोव्यात दोनापावल येथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' जहाजावरून हिंदी महासागराच्या तळातले धातूंचे गोटे वर काढले. मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले हे बटाट्याएवढे गोटे पाच हजार मीटरहून खोल पसरलेले आहेत. लाखो वर्षांत त्यांची वाढ होते काही मिलिमीटर. १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातील दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र भारताला शोधासाठी मिळाले, पुढे त्यातले निम्मे ठेवून उरलेले सोडले गेले. २०२१ मध्ये केंद्र सरकारने खोल समुद्रासाठी मोहीम मंजूर केली. तीन माणसांना ६,००० मीटरपर्यंत नेणारी पाणबुडी बनवणे हा तिचा एक भाग आहे. उद्या ते गोटे उचलायचे ठरले तर त्यांच्यावर आणि भोवतालच्या चिखलात राहणाऱ्या प्राण्यांचे काय, हा प्रश्न येणारच. तिथल्या अनेक प्राण्यांना अजून नाव नाही. उचलण्याआधी कोण राहत होते याची नोंद नसेल, तर नंतर काय गेले हे कोणाला सांगता येणार?

मुरबाडच्या गुरुजींना आम्ही नंतर पत्र लिहिले. चित्रे कोठली, कधीची हे कळवले. मुलांना आधी सांगितले ते चुकीचे होते, असे सरळ सांगावे, आणि त्या मुलीचा दुसरा प्रश्न पहिल्याच्या आधी घ्यावा, असेही लिहिले. 'सापडला कुठे' हे कळल्याशिवाय 'नाव काय' याचे उत्तर सुरूच होत नाही.

आणखी एक सुचवले, ते तुम्हालाही करता येईल. बाजारातून दहा-बारा सुके बोंबील आणि सोबत मिळतील ते इतर सुके मासे आणा. मुलांना नावे न सांगता ते वेगळे करायला सांगा आणि कशावरून वेगळे केले ते लिहायला सांगा. दात पाहायला साधे भिंग पुरते. मासे विकणाऱ्या मावशींना विचारा: हा कुठल्या बंदराचा, कुठल्या महिन्यातला? त्यांना पुष्कळ माहीत असते. मग प्रत्येक माशाबरोबर चिठ्ठी ठेवा.

गुरुजींचे उत्तर आले. त्यांनी शाळेचे कपाट उघडले होते. साप, विंचू, बेडूक असलेल्या सात जुन्या बाटल्या निघाल्या, एकाही बाटलीवर चिठ्ठी नाही. कोणी, कधी, कुठून आणले हे विचारायला मुले आता गावातल्या जुन्या शिक्षकांकडे जात आहेत. दोन बाटल्यांचा पत्ता लागला आहे.