हृदयाची वार्ता रक्तांत

हृदयविकाराच्या झटक्यांतून रोगी वांचला म्हणजे घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. डॉक्टरांची दुसरी चिंता मात्र तेथूनच सुरू होते. रोहिणी तुंबल्यामुळें हृदयाच्या स्नायूचा जो भाग रक्तावांचून मेला तो बहुतांशीं पुन्हा उगवत नाहीं. त्याच्या जागीं वण राहतो. उरलेल्या स्नायूनें सारा भार वाहावयाचा. तो भार त्याला पेलेल, कीं तो हळूहळू ताणत जाऊन वर्षासहा महिन्यांनीं रोग्याला जिना चढतांना धाप लागूं लागेल, हें चेहऱ्यावरून ओळखतां येत नाहीं. हाच प्रश्न दंडांतून काढलेल्या चमचाभर रक्ताला विचारण्याची कल्पना फारशी जुनी नाहीं.

मुळांत असा रोगी वांचूं शकतो हें मान्य होण्यासच बराच काळ जावा लागला. हृदयाची रोहिणी एकाएकीं बंद पडली कीं मनुष्य संपला, असा सर्वसाधारण समज होता. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनीं १९१२ सालीं निबंध लिहून तो खोडून काढला; त्या वेळीं त्याची फारशी कोणी दखल घेतली नाहीं, ही गोष्ट वेगळी. पुढें १९५४ सालीं न्यूयॉर्कमध्यें ला ड्यू, व्रॉब्लेव्स्की आणि कार्मेन यांनीं दाखविलें कीं, झटक्यानंतर ट्रान्सअमिनेज नांवाचें एक एन्झाइम रक्तांत वाढतें. मेलेल्या पेशींतून तें पाझरलेलें असतें. रांजणाभोवतीं ओल किती पसरली यावरून तडा केवढा गेला हें ताडावें, तशी ही रीत होती. अडचण एवढीच, कीं तें एन्झाइम यकृतांतही असतें व इतर स्नायूंतही असतें. जपानचे सेत्सुरो एबाशी यांनीं १९६५ च्या सुमारास ट्रोपोनिन हें स्नायूंतील प्रथिन उजेडांत आणलें. त्याचा हृदयापुरता निराळा असा प्रकार ओळखणाऱ्या चाचण्या १९८० नंतरच्या दशकांत निघाल्या, आणि ही अडचण बव्हंशीं दूर झाली.

परंतु किती मेलें हें समजणें निराळें, आणि उरलें तें कसें चालतें हें समजणें निराळें. या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर अगदींच अनपेक्षित दिशेनें आलें. विल्यम हार्वे यांचा रुधिराभिसरणावरील ग्रंथ १६२८ सालीं निघाला, तेव्हांपासून हृदय म्हणजे एक पंप हेंच सूत्र रूढ झालें होतें. १९५६ सालीं ब्रुनो किश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं गिनीपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांत बारीक कण दिसले. असे कण ग्रंथींत सांपडतात. पंपाला त्यांचें काय प्रयोजन? प्रश्न पडला, आणि पंचवीस वर्षें तसाच राहिला.

कॅनडांतील किंग्स्टन येथें काम करणारे, अर्जेंटिनांत जन्मलेले आदोल्फो द बोल्ड हे त्या कणांच्या मागें चिकाटीनें लागले. उंदरांच्या हृदयांचे वरचे कप्पे वाटून त्यांचा अर्क त्यांनीं दुसऱ्या उंदरांच्या शिरेंत टोंचला. थोड्याच मिनिटांत त्या उंदरांच्या लघवींतील मीठ तीस पटींहून अधिक वाढलें, आणि लघवीचें मान दहापट झालें. खालच्या कप्प्यांच्या अर्कानें असें कांहींच घडलें नाहीं. १९८१ सालीं हें प्रसिद्ध झालें. अर्थ स्पष्ट होता: भिंत ताणली गेली कीं हृदय एक अंतःस्राव सोडतें, मूत्रपिंडें मीठ व पाणी बाहेर टाकतात, आणि हृदयावरील भार हलका होतो. म्हणजे हृदय हें पंप तर होतेंच, पण ग्रंथीही होतें.

१९८८ सालीं जपानी संशोधकांना याच कुळांतील दुसरें द्रव्य डुकराच्या मेंदूंत सांपडलें, म्हणून त्याला नांवही मेंदूचेंच मिळालें. मागाहून दिसून आलें कीं, माणसांत त्याचा मुख्य कारखाना हृदयाचा खालचा कप्पा आहे! नांव बदललें नाहीं. २००१ सालीं हृदयरोहिणीच्या तीव्र विकाराच्या २५२५ रोग्यांचें रक्त, त्रास सुरू झाल्यावर सरासरी चाळीस तासांनीं घेतलेलें, तपासून प्रसिद्ध झालें. ज्यांच्या रक्तांत हें द्रव्य अधिक, त्यांना पुढील दहा महिन्यांत मृत्यूचा धोकाही अधिक होता.

मग वाटलें कीं, दुरुस्तीची वार्ताही रक्तांत वाचतां येईल. पेशींना वाढावयास लावणारीं द्रव्यें, ज्यांना वृद्धिघटक म्हणावें, तोंपर्यंत एकामागून एक सांपडत होतीं. त्यांपैकीं पहिल्या म्हणजे मज्जातंतूंच्या वृद्धिघटकाबद्दल रीता लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चें नोबेल मिळालें. १९८४ सालीं यकृताच्या पेशी वाढविणारा घटक जपानांत वेगळा करण्यांत आला, आणि १९९६ सालीं मात्सुमोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तोच घटक हृदयविकाराच्या झटक्यानंतर लवकरच रक्तांत वाढतो असें दाखविलें. जखमी हृदय नव्या रक्तवाहिन्यांसाठीं हांक मारीत असावें, ही कल्पना मोठी मोहक होती.

तेथें एक गोम निघाली. हा घटक पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करेच्या साखळ्यांना चिकटून असतो. झटक्याच्या रोग्याला रक्त गोठूं नये म्हणून हेपॅरिन टोंचतात, आणि तें हेपॅरिनच त्याला तेथून उपटून रक्तांत आणतें. तेव्हां आंकड्यांतील कांहीं भाग हृदयाचा नसून डॉक्टरांच्या सुईचा! रक्तवाहिन्या वाढविणाऱ्या घटकाचीही तीच गत. तो रक्तबिंबिकांत सांठविलेला असतो. नळींत रक्त गोठूं दिलें तर तो त्यांतून सुटतो आणि मोजमाप फुगतें. शिवाय आंकडा मोठा आला तर तो दुरुस्ती जोरांत चालल्याचें चिन्ह, कीं जखमच मोठी असल्याचें?

जीडीएफ-१५ या घटकानें त्यांतल्या त्यांत अधिक आशा दाखविली. १९९७ सालीं सिडनींत तो प्रथम हातीं लागला. २००७ सालीं जर्मनींतील हॅनोव्हरच्या वोलर्ट प्रभृतींनीं, तो अधिक असलेल्या हृदयरोग्यांना वर्षभरांत मृत्यूचा धोका अधिक, असें दाखविलें. पण तो कर्करोगांतही वाढतो, मूत्रपिंडाच्या विकारांतही वाढतो, गर्भारपणांत तर पुष्कळच. म्हणून झटक्याच्या निदानाला रुग्णालयांत नित्य मागविलें जातें तें ट्रोपोनिन, आणि हृदयाच्या ताणासाठीं तें मेंदूच्या नांवाचें द्रव्य. वृद्धिघटकांची मोजणी बहुतेक संशोधनापुरतीच राहिली आहे. जीडीएफ-१५ ला प्रतिसाद देणारा ग्राहक २०१७ सालीं सांपडला, तोही हृदयांत नव्हे, तर मेंदूच्या देठांत. आणि तेथें तो घटक जें काम करतो तें म्हणजे अन्नावरची वासना कमी करण्याचें.