चुलीचा धूर आणि लंडनचे पाच दिवस

आजचा विषय आहे धुरकं. धूर आणि धुकं एकत्र झालं की त्याला धुरकं म्हणतात.

थंडीच्या दिवसांत संध्याकाळी शेतातून घरी येताना गावाकडं नजर टाका. घराघरातून निघालेला धूर वर जात नाही. छपरांच्या थोडा वर त्याचा सपाट थर होतो आणि तो तिथंच पसरून राहतो. वारं नसलं तर दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत हलत नाही. आपण म्हणतो, आज धुकं पडलंय. पण घशाला जी खवखव होते, ती नुसत्या धुक्यानं होत नाही.

हा थर एखाद्या मोठ्या शहरावर पाच दिवस हललाच नाही तर काय होतं? तसं एकदा घडलेलं आहे. शहर होतं इंग्लंडची राजधानी लंडन आणि साल होतं १९५२. कारखान्यांच्या धुराबद्दल आपण नेहमी ऐकतो. या गोष्टीत मात्र कारखान्यांच्या बरोबरीनं घरातल्या चुली आहेत, म्हणून ती आपल्याला माहीत हवी.

इंग्लंडात धुराची तक्रार फार जुनी. जुन्या नोंदींत एका राणीचा उल्लेख सापडतो. तिचं नाव एलिनॉर. १२५७ साली ती नॉटिंगहॅम गावी मुक्कामाला असताना तिथल्या दगडी कोळशाच्या धुरानं इतकी हैराण झाली की मुक्काम हलवून दुसरीकडं गेली. राणी होती, म्हणून जाऊ शकली. ज्यांची घरं तिथंच होती त्या बाया कुठं जाणार? पुढं १३०६ साली राजानं लंडनमध्ये दगडी कोळसा जाळायला बंदी केली, पण ती फार टिकली नाही. लाकूड महाग होत गेलं, माणसं वाढत गेली आणि कोळसाच घराघरात आला. १६६१ साली जॉन एव्हलिन नावाच्या गृहस्थानं लंडनच्या धुरावर पुस्तकच लिहून राजाला दिलं. राजानं ऐकून घेतलं, धूर होता तसाच राहिला.

नंतर कारखाने आले आणि धुराविरुद्ध कायदेही झाले. आपल्या मुंबईतसुद्धा, गिरण्यांच्या काळात, १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला होता. इंग्लंडच्या १९२६ च्या कायद्यानं राहती घरं मात्र वगळली. घरातली शेकोटी म्हणजे घराचा जीव, तिला कोण हात लावणार, असं तिथल्या माणसांना वाटायचं. चुलीबद्दल आपल्याला जी माया आहे, तशीच त्यांना त्या शेकोटीची होती. त्या थंड मुलखात दिवाणखान्यातल्या भिंतीत कोळशाची शेकोटी असे आणि तिचं धुराडं छपरातून वर निघे. लंडनमध्ये अशी धुराडी लाखांनी होती.

१९५२ चा डिसेंबर कडाक्याच्या थंडीचा होता. दुसरं महायुद्ध संपून सात वर्षं झाली होती, पण देश कर्जात होता. चांगला कोळसा परदेशात विकला जाई आणि घरच्यांच्या वाट्याला स्वस्त, बारीक चुरा येई. हा चुरा जास्त धूर करायचा. आपल्याकडं ओलं सरपण जसं धुमसतं, तसंच.

शुक्रवारी, ५ डिसेंबरला, वारं पडलं. एरवी जमिनीजवळची हवा गरम होऊन वर जाते आणि धूर सोबत घेऊन जाते. थंडीत मात्र रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवाही गार पडते आणि वर उबदार हवेचा थर राहतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा तो थर बसतो. खालची वाफ खालीच. लंडनवर असं झाकण पाच दिवस बसलं आणि खाली लोक थंडी वाजते म्हणून आणखी कोळसा जाळत राहिले. त्या दिवसांत रोज सुमारे १,००० टन धुराचे कण हवेत जात होते. कोळशातल्या गंधकाचा वायू धुक्याच्या पाण्यात मिसळून त्याचं आम्ल तयार होत होतं, म्हणजे तेजाबासारखा पदार्थ. तेच लोकांच्या छातीत जात होतं.

भरदिवसा माणसाला स्वतःचे पाय दिसेनात. बसच्या पुढं कंडक्टर बत्ती घेऊन चालू लागले आणि शेवटी बस बंदच झाल्या. रुग्णवाहिका थांबल्या, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं तर चालत न्या. एका नाट्यगृहात धुरकं आत शिरलं, प्रेक्षकांना रंगमंच दिसेना, म्हणून खेळ मध्येच थांबवावा लागला. शहरात जनावरांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथं बक्षिसासाठी आणलेली धडधाकट जनावरं धापा टाकू लागली आणि त्यातली काही दगावली. जनावरं मेल्याची बातमी लगेच पेपरात आली.

माणसं मरत होती ते मात्र लवकर कुणाच्या ध्यानात आलं नाही. कारण ती रस्त्यावर पडली नाहीत. कुणाची सासू आपल्या खाटेवर गेली, कुणाचं तान्हं बाळ रात्रीत गेलं. आधीपासून दमा किंवा छातीचं दुखणं असलेली माणसं गेली. प्रत्येक घराला वाटलं, आपलंच नशीब. मंगळवारी, ९ डिसेंबरला, वारं सुटलं आणि आकाश मोकळं झालं. शवपेट्या कमी पडल्या, फुलं मिळेनात, तेव्हा लोकांना शंका आली. मग मृत्यूच्या नोंदवह्या तपासल्या. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात लंडन परिसरात सुमारे ४,७०० माणसं गेली होती. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात हा आकडा १,८५० च्या आसपास होता.

आपण गटात हिशेबाची वही रोज लिहितो, त्याचा कंटाळा येतो. पण बघा, नोंद होती म्हणून हे उघडकीला आलं.

सरकारी हिशेबात सुमारे ४,००० बळी धरले गेले. मृत्यू मात्र पुढचे दोन-अडीच महिने नेहमीपेक्षा जास्तच होत राहिले आणि सरकारनं सांगितलं की ते फ्लूच्या साथीनं झाले. पुढं जवळजवळ पन्नास वर्षांनी, २००१ साली, मिशेल बेल आणि देव्रा डेव्हिस या दोन महिला शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. फ्लूनं एवढे मृत्यू होणं शक्य नाही, धुरक्याचे बळी सुमारे १२,००० असावेत, असं त्यांनी मांडलं. यातल्या देव्रा डेव्हिस यांचं लहानपण अमेरिकेतल्या डोनोरा या छोट्या गावात गेलं. त्या गावात १९४८ साली अशाच धुरक्यानं २० माणसं मेली होती.

आता मुख्य मुद्दा. लंडनचा धूर कमी कसा झाला?

सुरुवातीला लोकांना सांगितलं गेलं की नाकाला रुमाल बांधा, गळपट्टा गुंडाळा. जाळीच्या कापडाचे मुखवटेही निघाले. त्यानं काजळी थोडी अडली, पण बारीक कण आणि वायू कापडातून आरपार जातात. मग सरकारनं सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीला आढळलं की धुराचा जवळजवळ निम्मा भाग घरांच्या शेकोट्यांतून येतो. १९५६ साली स्वच्छ हवा कायदा झाला. इंग्लंडात घरातल्या धुराला हात घालणारा हा पहिला मोठा कायदा. नगरपालिकांना धूरबंदीचे विभाग ठरवायचा अधिकार मिळाला. तिथं बिनधुराचं इंधन, गॅस किंवा वीज वापरायची.

या कायद्यात आणखी एक गोष्ट होती आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. जुनी शेकोटी बदलायला जो खर्च येईल, त्यातला दहापैकी सात हिस्से सरकारी पैशातून परत मिळायचा. घरच्या बाईला “धूर करू नको” एवढंच सांगून कायदा थांबला नाही. बदलायला पैसे लागतात हे त्यानं मान्य केलं. तरीही वेळ लागला. १९६२ च्या डिसेंबरात पुन्हा धुरकं आलं आणि शेकडो माणसं गेली. पण विभागामागून विभाग बदलत गेले आणि काळं धुरकं हळूहळू इतिहासजमा झालं.

आता आपल्याकडं येऊ. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ नावाचे अमेरिकी शास्त्रज्ञ गुजरातच्या खेड्यांत आले. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रं लावून त्यांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी चुलीचा धूर मोजला. शहराच्या रस्त्यावर घाण हवा म्हणतात, तिच्याहून कितीतरी जास्त धूर बाई चुलीपुढं बसून घेते, हे आकड्यांनी दिसलं. लंडनवर पाच दिवस जे झाकण बसलं, ते आपल्या बंद स्वयंपाकघरात रोज दोन वेळा बसतं.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची जोडणी घरातल्या बाईच्या नावावर मिळू लागली. देशात दहा कोटींहून जास्त जोडण्या झाल्या. ही मोठी गोष्ट आहे. पण गटांच्या बैठकीत बसलं की कळतं, टाकी कोपऱ्यात आहे आणि चूल पेटलेली आहे. चहा गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. कारण टाकी भरायला एकरकमी पैसे लागतात आणि काटक्या फुकट मिळतात. यात बाईचा आळस नाही की अडाणीपणा नाही. लंडनमध्ये जो प्रश्न होता, तोच हा प्रश्न आहे: बदलाचा खर्च कुणी उचलायचा? म्हणून बैठकीत हा विषय घ्या. टाकीसाठी अंतर्गत कर्ज देता येईल का, दर आठवड्याला थोडे पैसे वेगळे ठेवता येतील का, अनुदान खात्यात जमा होतंय का, हे एकमेकींचं तपासा.

तोवर रोजच्या रोज काय करायचं ते सांगते.

चूल वापरावीच लागली तर सरपण पूर्ण वाळवून घ्या. चुलीवर धुराडं बसवा आणि त्यातली काजळी वरचेवर काढा. स्वयंपाक करताना दार आणि खिडकी उघडी ठेवा. तान्ह्या बाळाला मांडीवर किंवा पाठीशी घेऊन चुलीपुढं बसू नका. गरोदर बाईला चुलीपासून दूर ठेवा. तिची पाळी दुसरं कुणी घेईल, घरातला गडीही घेईल. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी कधीच वापरू नका, तिचा धूर विषारी असतो.

थंडीत शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली खोलीत घेऊन, दारं लावून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, रंग नसतो आणि झोपेतच माणूस जातो.

धुरक्याच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांनी पहाटे फिरायला जाऊ नये. उन्हं चढली की थर वर उचलला जातो, तेव्हा बाहेर पडावं. घरात कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसावं. दम्याचा पंप संपत आला असेल तर आधीच आणून ठेवावा. पदर नाकाला लावला की डोळ्याला दिसणारी धूळ अडते, पण धुराचा सगळ्यात घातक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढा असतो. तो पदरातून जातो. बाहेर जावंच लागलं तर मेडिकलमध्ये मिळणारा एन-९५ मास्क नाक आणि गालांना घट्ट बसेल असा लावावा.

बाळाचा श्वास भरभर चालला, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर वाट पाहू नका. आशाताईंना हाक मारा आणि लगेच दवाखाना गाठा. मोठ्या माणसाला बोलताना धाप लागली किंवा छातीत दुखलं, तरी तेच करा.

काही गोष्टी एका घरानं होत नाहीत. उसाचं पाचट पेटवलं की एका शेताचा धूर साऱ्या गावाच्या नाकात जातो. तेच पाचट सरीत पसरलं तर ओल टिकते आणि कुजून खत होतं. कचऱ्याचा ढीग पेटवण्याऐवजी ओला कचरा खड्ड्यात कुजवता येतो. हे विषय ग्रामसभेत मांडा, ठराव लिहून घ्या.

आणि लंडनच्या नोंदवहीची आठवण ठेवून एक काम करा. या थंडीत गटाच्या वहीत एक पान वेगळं काढा. प्रत्येक घरात चूल किती दिवस पेटली आणि कुणाला खोकला, धाप किती दिवस राहिली, एवढंच लिहा. संक्रांतीनंतरच्या बैठकीत ते पान मोठ्यानं वाचा आणि ग्रामसभेला जाताना सोबत न्या. एकेका घरात जे नशीब वाटतं, ते वीस घरांचं एकत्र लिहिलं की कारण दिसू लागतं.